कोल्हापूरच्या एका वकीलताईंचे जाहीर आभार

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचे नाही, अशी तुमची ताकीद आहे, म्हणून ते लिहीत नाही. फिट येणाऱ्या माणसांचे नोकरीचे, शाळेचे, लग्नाचे कागद तुम्ही फी न घेता पाहिलेत. त्याचे आभार चारचौघांत मानतो आहोत, कारण तुम्ही लावून दिलेली रीत इचलकरंजीपासून गडहिंग्लजपर्यंत ज्याला लागेल त्याच्या हाती पडावी.

पहिले आभार 40 टक्क्यांचा गुंता सोडवल्याबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, नाव नाही. मज्जासंस्थेच्या जुनाट विकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन एवढीच नावे येतात. मग सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले नाही, की लोक कायदा आपला नव्हेच असे समजून फाईल माळ्यावर टाकतात. तुम्ही कलम 2 मधल्या दोन व्याख्या शेजारी शेजारी ठेवल्यात. लक्षणीय दिव्यांगत्वाला यादीतला प्रकार आणि किमान 40 टक्के लागतात. सरकारी नोकरीतले 4 टक्के आणि उच्च शिक्षणातले 5 टक्के आरक्षण त्यावरच मिळते, आणि निव्वळ अपस्मारावर ते मागायला जाऊ नका, हेही तुम्ही तोंडावर सांगितलेत. ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या मात्र मोठी आहे. दीर्घकाळचा दोष आणि समोरचे अडथळे मिळून माणूस मागे पडत असेल, तर तो त्या व्याख्येत बसू शकतो. तिथे टक्का नाही, यादीही नाही. भेदभावाला बंदी आणि वाजवी सोय (म्हणजे त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेला रास्त बदल) या दोन गोष्टी हिच्यावर उभ्या आहेत, आणि वाजवी सोय नाकारणे हाच कायद्याच्या लेखी भेदभाव. 11 फेब्रुवारी 2021 च्या विकाश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देताना 40 टक्क्यांची अट बाजूला सारली. त्या निकालाची प्रत प्रत्येक अर्जाला जोडायची, हा तुमचाच शिरस्ता.

फौंड्रीतल्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातल्या, कामगारांसाठी तुम्ही जे केलेत ते जरा सविस्तर लिहायला हवे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात अर्ज फसतो तो बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी. चिठ्ठीत असते, ‘हलके काम द्यावे.’ कंपनी म्हणते, आमच्याकडे हलके काम नाही. विषय संपला, माणूस घरी! तुम्ही न्यूरोलॉजिस्टकडून नेमके मागायला शिकवलेत: फिट झोपेत येते की जागेपणी, आधी चाहूल लागते का, कुठल्या जागी काम नको, कुठले चालेल. मग चिठ्ठी अशी येते: ‘भट्टी, लॅडल (वितळलेला धातू नेण्याचे पात्र) व रस ओतण्याच्या जागी नको. शिडी, मचाण, क्रेन नको. झोपमोडीने फिट येते म्हणून रात्रपाळी नको. तपासणी, पॅटर्न स्टोअर, डिस्पॅच चालेल. 6 महिन्यांनी फेरतपासणी.’ ईईजी आणि एमआरआयचा गठ्ठा जोडायचा नाही. कंपनीला पाळीचा तक्ता बदलायचा असतो, मेंदू बघायचा नसतो.

‘पुन्हा कधीच फिट येणार नाही’ असा दाखला कंपनीने मागितला, तर तो कुठलाच प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. तिथे तुम्ही कलम 3 चे पोटकलम 3 दाखवता: दिव्यांगत्वावरून वेगळी वागणूक द्यायचीच, तर हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या मापाचा हवा. भट्टीपासून लांब ठेवणे मापात बसते. गेटाबाहेर काढणे का बसते, ते कंपनीने पटवून द्यायचे.

अर्जाची शिस्तही तुमचीच. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख; शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्ट आणि ईमेल. 20 किंवा जास्त कामगार असतील तर समान संधी धोरण सविस्तर हवे आणि त्यात संपर्क अधिकारी नेमलेला हवा, त्याची प्रत त्याच अर्जात मागायची. आणि राजीनाम्यावर सही करायची नाही. ‘स्वखुशीने’ असे लिहून गेले, की पुढे भेदभाव सिद्ध करताना दमछाक होते.

उत्तर आले नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधितांनी 3 महिन्यांत काय केले ते कळवायचे असते. त्याच्याही पुढे जायची वेळ आली तर ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची वारी वाचली. दिव्यांग व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक 15100, हे तुम्ही दर वेळी सांगता. स्वतःचे अशील कमी करणारा वकील विरळाच!

सरकारी नोकरांचा रस्ता जास्त सरळ. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कलम 20(4) प्रमाणे काढता येत नाही, पदावनतीही नाही. एसटी किंवा केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या) चालकाला फिट आली तर स्टिअरिंग सुटते, ते सुटायलाच हवे. पण त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, ते नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा, पद मागता येते.

लग्नाच्या बाबतीत तुम्ही आईवडिलांना जे खडे बोल सुनावलेत, त्याचे आभार वेगळे. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा उल्लेख 1999 च्या दुरुस्तीने गेला. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हे घटस्फोटाचे कारण होत नाही असे म्हटले. तरी स्थळाला आधी सांगायचेच आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी ठेवायचे, कारण लपवले तर फसवणुकीच्या मुद्द्यावर लग्न रद्द करण्याचा दावा होऊ शकतो. साखरपुड्याच्या घाईत हे बोलणे नेमके राहून जाते.

शाळेसाठी तुम्ही करून घेतलेले एक पान आता वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या काचेखाली असते. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांवर गेली तर 108. कांदा, चप्पल, किल्ली यांना त्या पानावर जागा नाही. डॉक्टरांनी नाकातला मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल, तर तो कुठल्या कप्प्यात आहे तेही त्यावर.

वाहन परवान्याला मात्र तुम्ही कुणालाही पळवाट काढून दिली नाहीत. फॉर्म 1 मध्ये अपस्माराबद्दल थेट प्रश्न आहे आणि त्यावर खोटी सही करायची नाही. पुढे अपघात झाला तर फौजदारी आणि विम्याचा वाद दोन्ही गळ्यात येतात. पोरे यावर रुसतात. त्यांना कामाच्या जागेपर्यंत कंपनीच्या बसची सोय मागायचा अर्ज तुम्हीच लिहून दिलात.

अर्जाचा मराठी नमुना सोबत पाठवत आहोत. पाळीबदलाच्या परिच्छेदात ‘शक्य झाल्यास’ हे शब्द कुणीतरी पुन्हा घुसडले होते, ते काढले आहेत. सवडीने एकदा नजर घालावी.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अपस्मार असलेल्यांसोबत काम करणारे आम्ही
कोल्हापूर