किलोमीटरवरचा विमा टॅक्सीवाल्यांना कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

२०२२ च्या जुलैत विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाने ‘जितकी गाडी चालवाल तितका प्रीमियम’ वाल्या विम्याला परवानगी दिली, पण तो फायदा ओन डॅमेजपुरताच (म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा), थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, रेट तर सरकारच ठरवतं, गाडी दारात उभी राहिली तरी तो पूर्ण भरा. आता आमच्या इंदूरात कोणी ॲपवर टॅक्सी दिवसभर चालवतो, कोणी फक्त संध्याकाळी विजयनगर ते एअरपोर्ट करतो, आणि साध्या पॉलिसीत दोघं एकाच मापात! बरं, राजवाड्यावरून सवारी न मिळता रिकामं परत आलं तर तेही किलोमीटर मोजणारच ना? काही जण स्वस्त पडतं म्हणून प्रायव्हेट पॉलिसीवरच सवाऱ्या नेतात, अहो, ठोकली तर क्लेम नाकारू शकतात. कंपन्यांनी पिवळ्या नंबरप्लेटवाल्यांना परवडेल असा प्लॅन द्यावा, आणि किलोमीटर मोजायला ओडोमीटरच्या फोटोवर भागत असेल तर जीपीएस लावायची सक्ती नको.

– एक टॅक्सीवाला वाचक, इंदूर