नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीचा लॅपटॉप तुम्ही मार्गी लावलात, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या वाय-फायवर राउटरच्या यादीत ज्यांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचा ओळख-पत्ता, नोंदवलाय ती यंत्रंच चालतात. तिची नोंद झाली होती, पासवर्डही बरोबर होता, तरी दुसऱ्या दिवशी नेट लागेना. परीक्षा तोंडावर, त्यामुळे पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

तुम्ही लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला नाहीत. कमांड प्रॉम्प्ट उघडून तिलाच ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ टाइप करायला लावलंत. भराभर ओळी उमटल्या, त्यातल्या ‘फिजिकल ॲड्रेस’वर बोट ठेवलंत. केबलचा पत्ता वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. आपल्याला हवा तो ‘वायरलेस लॅन’खालचा. त्यात आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या. एरवी त्यातल्या पहिल्या तीन आयट्रिपलई ही संस्था यंत्र बनवणाऱ्या कंपनीला नेमून देते, उरलेल्या तीन कंपनी ठरवते.

मग म्हणालात, “दुसरं अक्षर बघ.” तिथे ‘ए’ होतं. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई दिसलं की तो पत्ता कारखान्यातून आलेला नसतो, बहुधा यंत्रानेच तयार केलेला असतो. सेटिंग्ज उघडल्यावर उलगडा झाला: ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ चालू आणि पत्ता रोज बदलायचा पर्याय निवडलेला. यादीत कालचा पत्ता, लॅपटॉप सांगतोय आजचा. मग कसं जमणार!

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. ती सोय तुम्ही सरसकट बंद करू दिली नाहीत. मॉलमध्ये, स्टेशनवर एकच पत्ता कायम दिसत राहिला तर आपल्या येण्याजाण्याचा माग काढता येतो, म्हणून तिथे ती राहू दे, फक्त अभ्यासिकेच्या वाय-फायपुरती बंद कर, असं तिला समजावलंत. आणि मला बजावलंत, की हा पत्ता नकली करता येतो, तेव्हा नुसत्या यादीवर विसंबू नका, पासवर्ड भक्कम ठेवा. तो त्याच संध्याकाळी बदलला.

आता तीच मुलगी नव्या मुलांना पत्ता शोधून देते. ‘ओ’ लिहिलेला दिसला की शून्य करायला लावते, कारण त्यात अक्षरं फक्त ए ते एफ. परीक्षा उरकल्या की एखाद्या संध्याकाळी अभ्यासिकेत या. मुलांना तुम्हाला बरंच विचारायचंय.

तुमची,
अभ्यासिकेच्या ताई