"काम झालं नाही" हे सांगायला फोन करणाऱ्या आमच्या माजी आमदारांना

भाई, नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात म्हणून घालत नाही. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या गावांत ओळखायचे ते ओळखतीलच. आईच्या खात्यात वादळाच्या नुकसानभरपाईचे पैसे गेल्या आठवड्यात आले एकदाचे. लगेच तुम्हाला फोन लावला तर म्हणालात "बरं झालं, वहिनींना सांग आता कौलं बदलून घ्या," आणि ठेवूनच दिलात, आभार मानायला संधीच दिली नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. काही लोकांनी वाचावं अशीही इच्छा आहे, खोटं कशाला बोलू.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं म्हणून बातम्यांत रायगडच जास्त दिसलं, पण दापोली-मंडणगडात काय झालं ते आम्हाला विचारा. आजोबांनी लावलेल्या पोफळी काडेपेटी सांडल्यासारख्या एकमेकींवर पडलेल्या, माड मुळासकट आडवे, विहिरीत घराचे पत्रे. कित्येक दिवस लाईट नाही, नेटवर्क नाही, वरून कोरोना. मी लॉकडाऊनमध्ये नालासोपाऱ्यावरून आलेलो तो इथेच राहिलो.

मग पाहुणे सुरू झाले. गाड्या पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी थांबायच्या, साहेब उतरायचे, पडलेल्या माडावर हात ठेवून फोटो, आईला एक ताडपत्री, ती देतानाचाही फोटो. एकांनी तर आईला परत एकदा हात जोडायला लावले, पहिला फोटो हलला म्हणून. त्यांच्या माणसाला नंतर फोन केला की ठरलेलं उत्तर, "काम झालं समजा". पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी आली, आम्ही आपले समजतोय.

आमची अडचण कोकणातल्या निम्म्या घरांची असते तीच. सातबारा सामाईक, नावं ढीगभर, निम्मे मुंबईला, दोघे तर वारलेले, आणि सगळ्यांची संमतीपत्रं आणा म्हणे. त्यात हेक्टरी १८ हजारांचे ५० हजार केले म्हणून टाळ्या वाजल्या, पण हेक्टर आहे कुणाकडे हो इथे? नारळ-पोफळीची वाडी मोजायची गुंठ्यात. गुंठ्याला पाचशेच्या आसपास पडतात, त्यात पडलेली पोफळ तोडून बाहेर काढायची मजुरीही सुटत नाही. झाडावर पैसे द्या, जमिनीवर नको, ही ओरड सगळ्या किनाऱ्याने केली तेव्हा कुठे वरती ऐकू गेलं. हे गणित मला तुम्हीच पडवीत बसून पाकिटाच्या मागे मांडून दाखवलंत, एसटीने आलेलात, मास्क हनुवटीवर, कोरा चहा पुढ्यात.

त्या दिवशी तुमच्याबद्दलही बरंच कळलं. मास्तरकी सोडून उभे राहिलात, पहिल्यांदा पडलात, मग निवडून गेलात. नागपूरच्या थंडीत अधिवेशनाला एकच स्वेटर. २८८ जणांच्या सभागृहात आपला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, लागावा म्हणून चिठ्ठी निघायची वाट बघायची, आणि लागला की छापील उत्तर यायचं "हे अंशतः खरे आहे". खारबंदिस्तीचा बांध उधाणाने फुटलाय, भातशेतीत खारं पाणी शिरलंय, आणि सरकार म्हणतं अंशतः! हे सांगताना काय हसलात तुम्ही, आईसुद्धा हसली, वादळानंतर पहिल्यांदाच बहुतेक. ते कागद अजून पिशवीत बांधून ठेवलेत म्हणालात. पुढे २००९ च्या निवडणुकीला मतदारसंघांची फेररचना लागू झाली, रत्नागिरी जिल्ह्यात सात आमदारांचे पाच झाले, गावं इकडची तिकडे गेली आणि तुमचं राजकारण तिथेच संपलं. कडवटपणा मात्र कुठे जाणवला नाही. (पक्षाबद्दल दोन शब्द बोललात ते इथे लिहीत नाही.)

तुम्ही कागद कसे लावून दिलेत, कुणाला भेटलात, ते सगळं लांबण लावत नाही. मला सांगायचंय ते दिवाळीनंतरच्या फोनचं. संध्याकाळची वेळ, आई तुळशीपाशी दिवा लावत होती, मी फोन स्पीकरवर टाकला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, काम झालेलं नाही. मी आज जाऊन आलो, फाईल आहे तिथेच आहे. पुढच्या सोमवारी परत जातो. तोवर कुणी पैसे मागितले तर देऊ नका."

बस, एवढंच. आई फोनकडे बघतच राहिली. काम झालं की फोन येतात, बॅनर लागतात, आभाराचा कार्यक्रमही आपल्याच खर्चाने करायला लावतात. काम झालं नाही हे सांगायला आजवर आमच्या घरी कुणाचा फोन आला नव्हता. आणि खरं सांगू, त्या रात्री आई नीट झोपली, काम झालेलं नसताना. कारण निदान आपण कुठे आहोत ते कळलं. "समजा, समजा" करत माणूस ना धड आशा सोडतो ना दुसरी सोय बघतो. दुसऱ्या दिवशी तिने सोसायटीतून थोडे उचलून वाडी साफ करायला गडी लावले.

कोकणाने मोठी माणसं कमी नाही दिली. चिपळूणचे बाळासाहेब सावंत १९६३ ला थोडे दिवस का होईना मुख्यमंत्री झाले, अंतुले झाले, दंडवते राजापुरातून दिल्लीत जाऊन रेल्वेमंत्री झाले. तुमचं नाव कुठल्या चौकाला लागायचं नाही आणि तुम्हाला ते नकोही असेल. पण आत्ताच्यांना एक सांगायचंय, ताडपत्री नका देऊ एकवेळ, नुसतं "नाही झालं" एवढं सांगायला शिका. त्याला निधी लागत नाही, मंत्रालयातून मंजुरी लागत नाही.

नवीन पोफळीची रोपं आणलीत, आई रोज शिंपण करते. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं सहज जातील, तोवर केळी लावल्यात मधे. आईने विचारलंय शिमग्याला पालखी आमच्या अंगणात येईल त्या दिवशी याल का. तुमची शुगर तिला माहीत आहे, पुरणपोळी एकच वाढेन म्हणाली, वाद घालू नका. शेवटची एसटी साडेपाचला असते, नाहीतर मी बाईकने सोडतो.

तुमचा,
वाडीवाल्या वहिनींचा मुलगा