नरक्याचं लाकूड आणि डीएनएचा पीळ

महोदय,

सह्याद्रीतल्या नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांत 'कर्करोगावर गुणकारी वनस्पती' ही ओळ हमखास असते. ही ओळ अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच घातक आहे. नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते कर्करोगाला ओळखून मारत नाही. डीएनएची नक्कल करायला घेतलेली कुठलीही पेशी त्याच्या तावडीत सापडते. मग ती गाठीतली असो की आतड्याच्या अस्तरातली.

शाळेच्या पुस्तकात डीएनए सपाट शिडीसारखा काढतात आणि चेन उघडावी तसा मधोमध उलगडून दाखवतात. त्या चित्रात नेमकी अडचणच दिसत नाही. डीएनए हा पीळ घातलेला दुपदरी दोर आहे. दोन पदरांवरची रासायनिक अक्षरं समोरासमोर जोडीने बांधलेली असतात आणि साधारण साडेदहा जोड्यांमागे दोराला एक वेढा असतो. घरातली दुपदरी सुतळी घ्या, एक टोक खिळ्याला पक्कं बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून पदर वेगळे करत चला. थोडं पुढे जाताच उरलेली सुतळी अशी पिळवटते की तिला गाठी पडतात आणि हात थांबतो. आता पुढच्या भागातला एकच पदर कात्रीने कापा. साचलेला पीळ गर्रकन उतरतो.

पेशीपुढेही हाच पेच असतो. माणसाच्या पेशीत नक्कल करणारी यंत्रणा एका ठिकाणी मिनिटाला अंदाजे दोन हजार जोड्या उलगडत जाते, म्हणजे सुमारे 190 वेढे. ई. कोलाय या जिवाणूत तर सेकंदाला हजारेक जोड्या उलगडतात. त्याच्या 46 लाख जोड्यांची नक्कल एका जागेपासून दोन्ही दिशांना होत 40 मिनिटांत उरकते. आमची गुणसूत्रं प्रचंड लांब आणि जागोजागी प्रथिनांना जखडलेली, त्यामुळे पिळाला टोकाकडून निसटून जायला वाव नसतो.

तो काढण्यात मोठा वाटा टोपोआयसोमरेज-1 या विकराचा. ते दोनपैकी एकच पदर कापतं, कापलेलं एक टोक स्वतःच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला जोडून धरतं, दुसरं टोक अखंड पदराभोवती फिरू देतं आणि पीळ उतरला की काप सांधून टाकतं. टोक हातातून सुटत नाही, म्हणून एवढी कापाकापी होऊनही डीएनए शाबूत राहतो. (नक्कल झाल्यावर दोन्ही प्रती एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या सोडवायला टोपोआयसोमरेज-2 एका दोराचे दोन्ही पदर कापून त्यातून दुसरा दोर पार करतं. इटोपोसाइड हे औषध त्या विकराला अडकवतं, आणि घरोघरी माहीत असलेलं सिप्रोफ्लॉक्सॅसिन जिवाणूंमधल्या त्याच्या भाऊबंदांना.)

कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-1 ने केलेल्या कापात पाचरीसारखं बसतं आणि काप सांधू देत नाही. तेवढ्याने पेशी मरत नाही. द्रव्य निघून गेलं की काप सांधला जातो. घात होतो तो नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली म्हणजे. पुढे हेलिकेज पदर सोडवतंय, मागे पॉलिमरेज नवा पदर जोडत येतंय, आणि ज्या पदरावरून नक्कल चालली आहे तोच मध्ये तुटलेला. एका पदरातला काप आता अख्खा दोर तुटण्यात बदलतो. अशा तुटी वाढल्या की पेशी स्वतःला संपवते.

भराभर विभागणाऱ्या मानवी पेशीच्या सुमारे 24 तासांच्या चक्रात नक्कल करण्याचा टप्पा आठेक तासांचा असतो. औषध एकदाच दिलं तर त्या वेळी या टप्प्यात नसलेल्या पेशी निसटतात. म्हणून याच कुळातलं टोपोटेकन शिरेतून देताना नेहमीच्या पद्धतीत सलग पाच दिवस देतात आणि अस्थिमज्जा सावरावी म्हणून मध्ये खंड ठेवून 21 दिवसांनी पुढचं चक्र सुरू करतात. रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेतही सतत नक्कल चालू असते, पांढऱ्या पेशी घटतात त्या याच कारणाने. याच कुळातल्या इरिनोटेकन या दुसऱ्या औषधाने होणारे जुलाब कधी कधी जिवावर बेततात.

1966 साली मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवं. हे द्रव्य पाण्यात विरघळेना, म्हणून रेणूतलं एक कडं उघडून त्याचा सोडियम क्षार रुग्णांना देण्यात आला. उघड्या कड्याचं रूप रक्तात दुबळं ठरलं, पण आम्लधर्मी लघवीत कडं पुन्हा मिटून द्रव्य जागं झालं आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. 1970 च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याचं नेमकं लक्ष्य, म्हणजे टोपोआयसोमरेज-1, 1985 मध्ये सापडलं. त्यानंतर रेणूत बदल करून बनवलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकनला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली.

तेव्हा नरक्याचं लाकूड उकळून किंवा त्याची पूड करून कुणीही घेऊ नये. त्यात मात्रा मोजता येत नाही आणि पांढऱ्या पेशी घसरल्याचं रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. बातमीत 'गुणकारी' ऐवजी 'विषारी. यातलं द्रव्य शुद्ध करून, त्यात बदल करून औषध बनतं' असं छापावं. आणखी एक विनंती. किलोभर सुक्या लाकडातून जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम द्रव्य निघतं, म्हणून तोड मोठ्या प्रमाणावर होते. बुंधा राखून कापलेल्या नरक्याला धुमारे फुटतात, मुळासकट उपटलेल्याला नाही. पकडलेल्या मालाचं वजन छापताना त्यात मुळं होती का, हेही आपल्या वार्ताहरांनी वनखात्याला विचारावं.

— जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, कोल्हापूर