मुस्लिम तरुणांना मध्यममार्ग शिकवायचा तर हजेरीपट मागू नका

मा. अल्पसंख्याक कल्याण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

धार्मिक मध्यममार्गाचे शिक्षण मुस्लिम युवक संघटनांमार्फत द्यावे, हे आम्हाला पटते. मात्र सभागृह, हारतुरे, तीन भाषणे आणि प्रमाणपत्र या नेहमीच्या थाटात ते इंदुरात झाले, तर पैसा वाया जाईल.

इंडोनेशियाच्या धर्म मंत्रालयाने यासाठी चार कसोट्या ठरवल्या: राष्ट्राशी बांधिलकी, सहिष्णुता, हिंसेला नकार, स्थानिक परंपरेचा स्वीकार. पण मुलांमध्ये मुरलेल्या संघटना सरकारी नाहीत. नहदलातुल उलमा ही तिथली उलेमांची मोठी संघटना १९२६ची. तिची युवक शाखा अन्सोर १९३४ची, विद्यार्थ्यांची १९५४ची, विद्यार्थिनींची १९५५ची. अन्सोरचे स्वयंसेवक नाताळात चर्चबाहेर पहारा देतात. २४ डिसेंबर २००० रोजी पूर्व जावातल्या मोजोकर्तोत चर्चमधला बॉम्ब बाहेर नेताना त्यांच्यातला रियांतो ठार झाला. ही तयारी भाषणांतून होत नसते.

तिथल्या निवासी मदरशांत ‘बहसुल मसाइल’ चालते. प्रश्न लेखी मांडायचा, ग्रंथांतले आधार काढायचे, विरुद्ध मतेही आधारांसकट वाचायची, मग निर्णय. आधार पुरेना, तर प्रश्न ‘मौकूफ’, म्हणजे तहकूब. आमचा आग्रह याच पद्धतीचा आहे. गटात वीस-पंचवीस जण, बैठक दीड तासाची, प्रश्न एकच. सोबत एक आलिम, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा जाणकार, आणि एक कॉलेजचा प्राध्यापक हवा. नुसता आलिम असला की मुले गप्प बसतात, नुसता प्राध्यापक असला की ऐकून सोडून देतात. प्रश्न मुलांचेच असावेत: शेजारच्या गणपतीचा प्रसाद घ्यावा का? व्हॉट्सअॅपवर फिरणारा फतवा कोणाचा, हे कसे तपासावे? चौथ्या कसोटीसाठी, म्हणजे स्थानिक परंपरेसाठी, जावाला जायची गरज नाही. होळकरांच्या काळापासूनचा मोहरमचा सरकारी ताजिया इथलाच, आणि ताजियावरचे मतभेदही इथलेच.

मुलींचा गट वेगळा, दिवसाउजेडी आणि शक्यतो आलिमेसोबत. रमजानात व परीक्षांच्या महिन्यात बैठका नकोत.

हे सारे फिसकटते ते एका कागदामुळे. हजेरीपट पोलीस ठाण्यात जातो अशी नुसती कुजबुज झाली, तरी पुढच्या बैठकीला कोणी फिरकत नाही. शंका विचारणारा मुलगा तर सर्वात आधी गळतो, आणि योजना त्याच्यासाठीच असते.

म्हणून विभागाने जागा, पुस्तके आणि प्रवासखर्च द्यावा. कामाचा हिशेब म्हणून दर तिमाहीला चर्चेतले प्रश्न, त्यांचे निर्णय आणि मौकूफ राहिलेले प्रश्न एवढेच, नावांशिवाय मागवावे.

आपले,
इंदूरमधील काही मराठी शिक्षक व युवक कार्यकर्ते