चारशे साडेबासष्ट फूट

सदर, नागपूर
२४ जून

प्रिय आशिष,

अनेक आशीर्वाद.

परवा तू "आई, आता बास" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी बराच वेळ तो हातात धरून बसले होते. कूलरमधलं पाणी संपून पंप कोरडाच घरघरत होता, तेही शेजारच्या काकूंनी येऊन सांगितलं. फोनवर तुझं-माझं धड बोलणं होतच नाही. मी दुसरं वाक्य सुरू करेपर्यंत तुझी लिफ्ट येते. म्हणून लिहून राहिले आहे. रागावून नाही. थोडी रागावले आहे, पण लिहिता लिहिता कमी होईल.

आधी हे सांग, रीवा झोपते का?

पुण्यात पाऊस लागलाय आणि ती रात्री उठून गॅलरीत जाते, खाली पार्किंगमध्ये पाणी किती चढलं ते बघते, असं तू म्हणालास. नवव्या मजल्यावरून! सहा वर्षांचं पोर. हे ऐकल्यापासून माझ्याही डोळ्याला डोळा नाही. चूक माझी आहे. कशी झाली ते सांगते. सबब म्हणून सांगत नाही, पण तुला नीट माहीत असावं.

तुम्ही निघायच्या आदल्या रात्री लाईट गेली होती. स्नेहल टॉर्चच्या उजेडात बॅगा भरत होती, तू छतावर फोनवर होतास. रीवा माझ्याजवळ पडली होती, म्हणाली गोष्ट सांग. मी नोहाची काढली, बायबलमधल्या महापुराची नि त्याच्या नावेची. एकतीस वर्षं संडे स्कूलला सांगितलेली गोष्ट, तोंडावर बसलेली. पण तिथे निळ्या फ्लॅनेलचा फळा असतो, मागे पॉलिश पेपर चिकटवलेले हत्ती-जिराफ असतात, मुलांचं अर्धं लक्ष जिराफ कधी पडतो यावर असतं. (मे महिन्यात पंखा लावला की मोशे डोंगरावरून उडायचा, आठवतं?) इथे अंधार, फळा नाही, चित्र नाही. तिला पाणी दिसावं म्हणून मी गोष्टीत आंबाझरी आणली. २०२३ च्या सप्टेंबरची ती रात्र, धो धो पाऊस, तलाव भरून वाहिलेला, नाग नदी लोकांच्या घरात. शोभामावशीचं फ्रीज कसं पाठीवर तरंगत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलं, ते मी हाताने करून दाखवलं. पोर श्वास रोखून ऐकत होती. आणि मला मजा येत होती, आशिष. खरं लिहिते. इतक्या दिवसांनी कोणी इतकं ऐकून राहिलं होतं.

मग तिने विचारलं, "शोभाआजी नावेत होती का?"

मी म्हटलं, नाही गं, ती वरच्या मजल्यावर गेली.

"मग बाकीची मुलं कुठे गेली?"

मी म्हटलं, झोप आता, कबुतराचं नि इंद्रधनुष्याचं सकाळी सांगते. पहाटे साडेचारला तुमची टॅक्सी आली. तुझा चार्जर सापडेना, त्यात सगळं राहिलं. म्हणजे लेकरू पूर घेऊन पुण्याला गेलं आणि कबुतर इथे सदरमध्येच राहिलं.

तू म्हणालास, तिला हे काही सांगूच नको, मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल. ठरवू दे ना. मी काय बाप्तिस्म्याची तारीख मागितली? स्नेहलच्या आईंनी दिवाळीत हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगितली, उंबरठ्यावर पोट फाडल्याची, तेव्हा तू हसत होतास. हे लिहायला नको होतं. त्या माउली आहेत, रीवावर त्यांचा फार जीव आहे, आणि गोष्ट त्या माझ्यापेक्षा चांगली सांगतात. पेनाने लिहिलंय, खोडलं तर जास्त दिसेल. राहू दे.

पण मोबाईलवर लावून देऊ नकोस, एवढं ऐक. मागे तिने मला दाखवलं होतं. पाच मिनिटांत योना माशाच्या पोटात जाऊन बाहेरही आला, मागे ढोल वाजतोय, आणि शेवटी एक बाई विचारते, मुलांनो, आपण काय शिकलो? मी सुद्धा हेच विचारायचे एकतीस वर्षं, म्हणून सांगते. "काय शिकलो" म्हटलं की पोट्टे खाली मान घालून "आज्ञा पाळावी" म्हणतात नि प्रसादासारखं बिस्कीट घेऊन घरी जातात. सहा वर्षांच्या मुलाला काहीतरी हातात दे, काहीतरी शोधायला दे. हरवलेलं नाणं घे. लूकच्या शुभवर्तमानातली ती बाई, दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडते. घरातली दहा नाणी मोज, एक सोफ्याखाली सरकव, लाईट घालव, तिच्या हातात टॉर्च आणि केरसुणी दे. सापडलं की शेजारच्यांना बोलावून चहा कर, कारण त्या बाईनेही मैत्रिणींना बोलावलं होतं. बस. पुढे काही विचारू नको.

तुझ्यावेळी मान्नाचं केलं होतं, देवाने इस्राएल लोकांना रानात दिलेल्या अन्नाचं. बायबलच्या निर्गममध्ये लिहिलंय, धण्यासारखा पांढरा, चवीला मधाच्या पोळीसारखा. मी पहाटे उठून अंगणात फरशीवर साखर लावलेली बडीशेप पसरायचे, तू वाटी घेऊन धावायचास. एका दिवसापुरतंच वेचायचं, हा नियम. तू पाच वर्षांचा, मुठीत जास्तीची घेऊन उशीच्या खोळीत लपवलीस. इस्राएल लोकांच्या मान्नात किडे पडले, तुझ्या उशीला मुंग्या लागल्या. रात्रभर खाजवत बसलास, पण कबूल केलं नाहीस. पप्पा पोट धरून हसत होते.

आणि इसहाकाची गोष्ट, बाप मुलाला बळी द्यायला नेतो ती, एवढ्यात नको. बाळं मारणाऱ्या हेरोद राजाची तर नकोच. मी नोहाची सुद्धा आठ वर्षांखाली सांगायला नको होती, आणि सांगितली तर अर्ध्यावर सोडायला नको होती. बघ, पुन्हा शिकवायला लागले. तुला काय, तू बाप आहेस तिचा. मला फक्त ती झोपते का ते कळलं की झालं.

मुलांच्या लक्षात काय राहील ते आपल्या हातात नसतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. आजोबा मला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, म्हणे बघून ठेव, पुन्हा दिसणार नाही. मी सात वर्षांची. मला आठवतो तो माझा टोचणारा लोकरीचा स्वेटर आणि आजोबांच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास. बिशप एकही आठवत नाही.

तू गेलास त्या दिवसापासून मी तो प्रश्न मनात घोळवून राहिले. एकतीस वर्षांत एवढी मुलं समोर बसली, कोणीच कसं विचारलं नाही, बाकीची मुलं कुठे गेली? काल बायबलमधला उत्पत्तीचा सहावा अध्याय काढून बसले. त्यात आहे की माणसाला केल्याचं देवाला वाईट वाटलं, त्याच्या मनाला दुःख झालं. हे वाक्य मी दरवेळी पटकन ओलांडून जायचे, कारण पुढे जनावरं यायची असायची. तिला काय सांगू, अजून सुचलं नाही. तुला सुचलं तर तू सांग. खोटं मात्र सांगू नको, की ती सगळी दुसऱ्या नावेत होती. ती पकडेल.

हे लिहिताना एकदम आठवलं, आणि मग दुपारची भांडी तशीच राहिली. कुणीच विचारलं नाही असं नाही रे. तू विचारलं होतंस. तोंडाने नाही, एवढंच.

कस्तुरचंद पार्कची नाव आठवते का तुला? तू दुसरीत होतास. पप्पांच्या डोक्यात आलं की नोहाचं तारू, म्हणजे ती नाव, खरं केवढं होतं ते मुलांना दाखवायचं. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे कोणाचा हात, यावरून आमचं आधी घरात भांडण झालं. शेवटी त्यांनी अजनीच्या रेल्वे शेडमधली टेप आणून स्वतःचं कोपर ते मधलं बोट मोजलं, साडेअठरा इंच. वहीवर गुणाकार केला, चारशे साडेबासष्ट फूट लांबी. सव्वा शेहेचाळीस फूट उंची. म्हणाले, उंचीचं काही करता येणार नाही, ती कल्पनेने घ्यावी. हजार फुटांच्या वर सुतळी आणली, दर पन्नास हातांवर माझ्या जुन्या लाल साडीची चिंधी बांधली, आणि रविवारी उपासनेनंतर सगळा संडे स्कूल कस्तुरचंद पार्कवर.

खुंट्या ठोकून सुतळी लावली तर नावेत दोन क्रिकेटच्या मॅच आल्या. पोट्टे ओरडायला लागले, काका पिच सोडा. पप्पा आपले टेप घेऊन कोपरे काटकोनात आणून राहिले. मग त्यांनी हजेरीपट काढला आणि एकेक जोडी पुकारायला लागले, वाघ या, हत्ती या. तुझं नाव वाघात होतं. तू आलाच नाहीस. सुतळीच्या बाहेर उभा, हातात हात धरून फिरोज. तो आपल्या गल्लीतून तुझ्यामागे सहज आला होता, त्याचं नाव हजेरीत कुठून असणार? पप्पांनी तीनदा पुकारलं. मी डोळे मोठे केले. तू ओठ दाबून तसाच उभा. अंगात तो पिवळा बुशशर्ट, वरचं बटण तुटलेलं, आणि एक पाय दुसऱ्या पायावर घासत होतास, ऊन लागत होतं म्हणून. चप्पल फिरोजला दिली होतीस.

पप्पांनी काही म्हटलं नाही. गेले आणि सुतळी हाताने वर उचलली, तारेखालून वासरू जातं तेवढी. तुम्ही दोघं वाकून आत आलात. ते बघून क्रिकेटवाले पोट्टे म्हणाले, आम्ही पण येऊ का, आणि सगळे आत. माझ्या बत्तीस मुलांचे सत्तरएक झाले. माझा पाठ बोंबलला. घरी आल्यावर मी पप्पांना किती बोलले! शास्त्रात आठ माणसं वाचली म्हणून लिहिलंय, तुम्ही जत्रा भरवली, मुलांनी काय समजायचं? ते सुतळी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "चारशे साडेबासष्ट फूट होतं. जागा होती."

तेव्हा मला ते आडमुठेपणाचं वाटलं. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तुझ्यावर सुद्धा रागावले होते, बाळा, त्याबद्दल आज माफी मागते. तीस वर्षं उशिराच.

पाळकसाहेबांना हे शास्त्राला धरून वाटणार नाही, मला माहीत आहे. मलाही पूर्ण वाटत नाही. पण रीवाला हे तू सांग. नोहाचं मी सांगेन कधीतरी, तुम्ही सांगू द्याल तेव्हा. पार्कवरची नाव तू सांग, बाबा लहान होता तेव्हाची. आणि राहिलेलं कबुतर तरी तिला द्या. स्नेहलने सांगितलं तर जास्त बरं, तिचा आवाज खालचा आहे. कबुतर पहिल्यांदा गेलं, त्याला पाय टेकायला जागा मिळाली नाही, परत आलं, तेव्हा नोहाने हात बाहेर काढून त्याला आत घेतलं. मग सात दिवस थांबून पुन्हा सोडलं, तर चोचीत जैतुनाचं पान. तिसऱ्यांदा गेलं ते आलंच नाही, म्हणजे जमीन कोरडी झाली. रीवाला कबुतर करा, एका खोलीतून दुसरीत पाठवा. पान तुमच्या कुंडीतल्या गवती चहाचं चालेल. गॅलरीला तुम्ही कबुतरांची जाळी लावलीय, ती दाराआडून हात काढताना मध्ये यायला नको, एवढं बघा. ऊन पडलं एखाद्या सकाळी तर टबात पाणी घेऊन त्यात आरसा तिरका धर, भिंतीवर रंग पडतात. पुण्यात या दिवसांत ऊन कुठलं म्हणा.

कुरिअरने खोकं पाठवते आहे. कुरड्या, मुगाचे सांडगे आणि सावजी मसाला आहे, मसाला वेगळ्या पिशवीत बांधलाय, तरी वास लागेल. सगळ्यात खाली ती सुतळी आहे. माळ्यावर होती, उंदरांनी एका टोकाला कुरतडली आहे, पण चिंध्या चौदाच्या चौदा शाबूत आहेत. गाठी सोडू नकोस, पप्पांच्या आहेत. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावणार नाही, मला वाटतं. मावेल तेवढी लावा.

ती रात्री न उठता झोपली की मला मिस्ड कॉल दे. कितीही वाजले असले तरी. उचलणार नाही मी, बोलणार नाही, फक्त वाजू दे.

तुझी,
आई