आईच्या कार्डासाठी धावलेल्यांना

केमोनंतर आईच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा ठरत नव्हता. न्यू जर्सीत २०१० च्या कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाला औषधी गांजा मिळू शकतो, हे आम्हाला सांगितलं एका नर्सताईंनी. ‘गांजा’ म्हटल्यावर आईने तोंडच फिरवलं. ताई खुर्ची ओढून अर्धा तास तिच्याशी बोलत बसल्या. त्यांचे उपकार कसे फेडू?

औषधी गांजाच्या कार्डासाठी डॉक्टरांनी राज्याकडे तिची नोंदणी केली. तिला घराबाहेर पडणं अशक्य, म्हणून तिच्या वतीने औषध आणणारी केअरगिव्हर मी. त्यासाठी बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी. माझा पत्त्याचा पुरावा दोनदा परत आला, तेव्हा शेजारच्या काकांनी रात्री अकरापर्यंत बसून अर्ज पुन्हा भरून दिला. आणि डिस्पेन्सरीतला, म्हणजे औषधी गांजाच्या दुकानातला, तो मुलगा! मागे रांग खोळंबलेली, तरी ड्रॉपरवरची बारीक रेघ बोटाने दाखवत म्हणाला, “इथपर्यंतच. जिभेखाली. लगेच दुसरा डोस नको.”

चौथ्या दिवशी आईने स्वतःहून मऊ भात मागितला, वर तूप-मीठ. वाटी चाटूनपुसून रिकामी केली. ती धुताना मला रडू आवरेना.

ताई, काका, आणि नाव विचारायचं राहून गेलेल्या मुला, तुमची मी जन्माची ऋणी आहे.